हिरव्या शाईचं कार्ड

नाकावर राग घेऊनच मी जन्माला आले, असं मावशी म्हणते. म्हणू दे. पण त्या आठवड्यात माझा राग नेमका कुणावर होता हे माझं मलाच कळत नव्हतं, आणि असा बिनपत्त्याचा राग फार वाईट. बसवत नाही, झोप लागत नाही, चहासुद्धा उभ्यानं प्यावा लागतो.

सोमवारी सुरुवात झाली. साहित्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाचं माझं शेवटचं वर्ष. शुक्रवारी पाचच्या आत प्रबंध कार्यालयात जमा करायचा होता. विषय होता एका विसरल्या गेलेल्या लेखिकेच्या चौदा कथा. प्रत्येक कथेत एक बाई असते, ती घर सोडायला निघते आणि सोडत नाही. दोन वर्षं मी त्या चौदा बायकांबरोबर संसार केला होता म्हणा ना. तर माझ्या मार्गदर्शक मॅडमनी तिसरं प्रकरण वाचून मला त्यांच्या खोलीत बोलावलं. एरवी त्या कागदांतून मान वर काढत नाहीत. त्या दिवशी त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे चक्क बघितलं.

"हे वाक्य," त्या म्हणाल्या आणि मोठ्यानं वाचायला लागल्या, "'या बायका घर सोडत नाहीत, कारण त्यांना कुणी अडवत नाही. अडवलं असतं, तर गेल्या असत्या.' कसं सुचलं हे तुला?"

"असंच," मी म्हणाले.

"असंच काही सुचत नसतं. मी या कथा पहिल्यांदा वाचल्या त्याला तीस वर्षं झाली. तेव्हापासून काहीतरी खटकत होतं, ते तू दोन ओळींत सांगितलंस. बाकीचं प्रकरण ठीक आहे. पण हे वाक्य म्हणजे तुझा प्रबंध आहे." मग त्यांनी सांगितलं की विभागात संशोधन सहायकाची एकच जागा निघते आहे आणि शिफारस त्या माझी करणार आहेत. "तोंडी परीक्षेत हाच प्रश्न येईल. या वाक्यापर्यंत कशी पोहोचलीस ते नीट सांगता आलं पाहिजे."

मी दोन-दोन पायऱ्या एका दमात उतरत खाली निघाले. अर्ध्या जिन्यात पाय थबकले. खरंच, कसं सुचलं होतं? काही केल्या आठवेना.

आता माझी कामाची पद्धत सांगायला हवी. मी सगळी टिपणं कार्डांवर काढते. दुसऱ्याचं म्हणणं निळ्या शाईत, खाली पुस्तकाचं नाव आणि पान नंबर. माझं स्वतःचं म्हणणं हिरव्या शाईत. वर कोपऱ्यात तारीख. अशी बुटांची तीन खोकी भरली होती. "तुझ्याकडे डोक्यापेक्षा खोकी जास्त आहेत," असं माझी वर्गातली मैत्रीण म्हणायची. तिला आम्ही घुमी म्हणायचो, कारण दिवसभरात ती चार वाक्यं बोलली तरी पुष्कळ. पहिल्या वर्षाच्या मध्यावर तिनं शिक्षण सोडलं.

घरी येऊन मी ते कार्ड शोधून काढलं. हिरवी शाई. पान नंबर नाही. तारीख गेल्या वर्षीची, सतरा जानेवारी. म्हणजे माझ्याच नियमानं वाक्य माझं. पण मी मला ओळखते हो! 'तथापि' आणि 'तद्वतच' घातल्याशिवाय माझं वाक्य जागचं हलत नाही. हे वाक्य कसं सरळ चालत आलं होतं. असलं काही मी लिहिणं म्हणजे कोंबड्यानं अंडं देणं.

मावशी इस्पितळात नर्स आहे. ड्यूटीवरून येऊन गरम पाण्यात पाय सोडून बसली होती. मी तिच्यासमोर येरझाऱ्या घालत सगळं सांगितलं.

"अक्षर तुझं, शाई तुझी. मग वाक्य काय कुणाच्या बापाचं आहे?"

"कुणाच्या तरी बापाचं असलं तर? एखाद्या पुस्तकातलं उतरवून घेतलं असेल आणि पान नंबर टाकायचा राहिला असेल, तर ती चोरी ठरते मावशी. पदवीसुद्धा जाईल."

"झाकली मूठ सव्वा लाखाची. मॅडमना एवढी तीस वर्षं सापडलं नाही ते तुला चार दिवसांत सापडणार आहे का? बस बघू खाली. मला गरगरायला लागलं तुझ्याकडे बघून."

मी काही बसले नाही.

मंगळवार, बुधवार ग्रंथालयात गेले. त्या लेखिकेवर जे काही छापून आलं असेल ते सगळं उपसलं. परीक्षणं, मासिकांचे बांधलेले अंक, जुने प्रबंध. दर पानाला वाटायचं, आता सापडणार. नाही सापडलं की सुटल्यासारखं वाटायचं, आणि लगेच पुढचा खंड ओढायचे. हात धुळीनं काळे झाले. डबा तसाच घरी परत यायचा.

आमचे ग्रंथपाल मिस्कील आहेत. गुरुवारी सकाळी टेबलापाशी येऊन म्हणाले, "काय हरवलंय एवढं?"

"वाक्य."

"दिसायला कसं आहे?"

"सर, चेष्टा नको. माझा जीव टांगणीला लागलाय इथे."

मी कार्ड पुढे केलं. त्यांनी वाक्य वाचलंच नाही, फक्त तारीख बघितली आणि आपली नोंदवही उघडली. "सतरा जानेवारी ना? सतरा तारखेला ग्रंथालय बंद होतं. वाळवीची फवारणी, चार दिवस. दारावर नोटीस मी स्वतः चिकटवली. तू लाथ मारली होतीस दाराला, विसरलीस? म्हणजे त्या दिवशी इथलं पुस्तक काही तू हातात घेतलेलं नाहीस. जा, घरी जाऊन जेव."

दाराला मारलेली लाथ मला आठवली. आणि त्या लाथेला खुदकन हसलेली, माझ्या शेजारी उभी असलेली घुमीही आठवली.

मग सगळंच आठवलं. आम्ही कँटीनच्या मागच्या बाकावर जाऊन बसलो होतो. मी माझ्या चौदा बायकांबद्दल बडबडत होते, त्या मूर्ख कशा आहेत, दार उघडं असून जात कशा नाहीत. ती कागदी कपाचे तुकडे करत होती. त्याच्या महिनाभर आधी घुमीचं सेमिनार झालं होतं. मॅडमनी शेवटी तिला विचारलं होतं, "हे सगळं दुसऱ्यांचं झालं. यात तुझं म्हणणं कुठे आहे?" आणि ही पोर एक शब्द न बोलता खाली बसली होती. तर त्या बाकावर, कपाकडे बघत, तिनं ते वाक्य म्हटलं. मी ओरडले, "थांब थांब, पुन्हा म्हण!" आणि कार्ड काढलं. निळी शाई घ्यावी तर खाली पुस्तक आणि पान लिहावं लागतं. माणसाला कुठला पान नंबर? म्हणून मी हिरवं पेन उचललं. एवढंच झालं. वर्षभरात तिचा आवाज मी विसरले आणि शाई तेवढी राहिली.

नंतर आठवड्याभरात घुमीनं नाव काढून घेतलं.

ती आता एका चष्म्याच्या दुकानात काम करते. मी तशीच, न जेवता, तिसऱ्या प्रकरणाची प्रत छातीशी धरून तिथे गेले. पांढरा कोट घालून ती काउंटरमागे उभी होती आणि एका आजोबांच्या चष्म्याचा इवलासा स्क्रू पिळत होती. "बस गं, दोन मिनिटं," ती म्हणाली. मी उभ्याउभ्याच सगळं एका श्वासात ओकून टाकलं. वाक्य, कार्ड, मॅडम, ती एकुलती एक जागा.

तिनं स्क्रूवरून नजरही काढली नाही. "मी असं म्हणाले? छान आहे की. पण मला नाही बाई आठवत. तुझंच असेल."

"नक्की?"

"नक्की. आणि माझं असलं तरी मला काय करायचंय त्याचं? ठेव तुलाच."

खोटं कशाला बोलू, मला हायसं वाटलं. लाजही वाटली, पण लाजेपेक्षा हायसं जास्त होतं. तिची परवानगी मिळाली, मूठ झाकलेली राहिली, जागा माझी झाली. मी वळलेसुद्धा.

"बघू तरी, काय लिहिलंयस," घुमी मागून म्हणाली.

प्रत तिच्या हातात दिली. आजोबांना तिनं अक्षरांच्या तक्त्यासमोर बसवलं आणि काउंटरला टेकून वाचायला लागली. एक पान, दोन पानं. कपाळाला आठी पडली. मग बोटानं एक ओळ दाबून धरत ती म्हणाली, "हे काय? 'या स्त्रिया स्वतंत्र असूनही निष्क्रिय आहेत'? मी असं कुठे म्हणाले होते? माझा अर्थ हा नव्हताच मुळी."



"तुला तर आठवत नव्हतं," मी म्हणाले.

तिचा चेहरा लाल झाला. मला वाटलं, आता ही नेहमीसारखी गप्प बसणार. पण नाही बसली. "सगळं आठवतंय. अडवणं म्हणजे कैद नाही गं. कुणी अडवलं की निदान एवढं तरी कळतं, की आपण निघालोय हे कुणालातरी दिसलं. त्या घरांमध्ये या बायका असल्या काय, नसल्या काय, कुणाला फरक पडत नाही. मग सोडून जायचं तरी कुणाला?" तिनं श्वास घेतला. "त्या दिवशी बाकावर बसलो होतो ना, तेव्हा नाव काढायचा अर्ज माझ्या पर्समध्ये होता. आठ दिवस घेऊन फिरत होते. मी तुला सांगत होते. आणि तू लिहून घेत होतीस."

मी स्टूल ओढून खाली बसले. मी! आयुष्यात कधी नव्हे ते.

"नंतर अर्ज दाखवला, तर म्हणालीस, 'बरं झालं, सुटलीस एकदाची.'"

म्हणाले होते. अगदी याच शब्दांत, हसत हसत, टाळी द्यायला हात पुढे करून म्हणाले होते. मला तिथल्या तिथे जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. पण मी गडप होणाऱ्यातली नाही. मी फोन काढला आणि मॅडमना लावला, आवाज घुमीला ऐकू येईल असा मोठा करून.

"मॅडम, ते वाक्य माझं नाही. माझ्या मैत्रिणीचं आहे. पहिल्या वर्षी मध्येच सोडून गेली ती."

"कोण सोडून गेली?"

"तुम्ही सेमिनारमध्ये तिला विचारलं होतं, यात तुझं म्हणणं कुठे आहे म्हणून. ती खाली बसली होती."

"अगं, ते मी प्रत्येकालाच विचारते," मॅडम म्हणाल्या. घुमी काउंटरवरच्या रिकाम्या फ्रेमी सरळ करत राहिली. "बरं, हे बघ. उद्या प्रबंध द्यायचाय. तिच्या नावानं तळटीप टाक आणि मोकळी हो. फक्त शिफारशीचा मला पुन्हा विचार करावा लागेल. ती मी त्या वाक्यावर लिहिणार होते."

"नका लिहू," मी म्हणाले. दोन वर्षं मी अशाच एखाद्या जागेसाठी रक्त आटवलं होतं. "पण तुम्ही तिच्याशी बोला. आत्ता."

मी फोन घुमीपुढे धरला. ती दोन्ही हात हलवत मागे सरकली.

"घे!"

"वेडी आहेस का? गिऱ्हाईक आहे समोर."

"असू दे. तू फोन घेतल्याशिवाय मी इथून हलणार नाही. दुकान बंद झालं तरी नाही, पोलीस आले तरी नाही. घे म्हणतेय ना!" मी काउंटरच्या फळीवर थाप मारली, तशा सगळ्या फ्रेमी पुन्हा वाकड्या झाल्या.

तिनं फोन घेतला. मॅडम दोनदा "हॅलो" म्हणाल्या.

"मॅडम," घुमी म्हणाली, "वाक्य माझं आहे. पण तिनं पुढे त्याचा जो अर्थ लावलाय तो चूक आहे. तुम्ही चौथी कथा घ्या. त्यात ती बाई पिशवी भरून तीन वेळा दारापर्यंत येते. तिन्ही वेळा घरातली माणसं तिला काय विचारतात ते बघा..."

आणि ती बोलायला लागली. चौथीवरून नवव्या कथेवर गेली, नववीवरून शेवटच्या. मधे मॅडमनी काहीतरी विचारलं, तर "नाही, तसं नाही," म्हणून तिनं त्यांना चक्क तोडलं. चौदाही बायका तिला तोंडपाठ होत्या. माझं तिसरं प्रकरण माझ्याच डोळ्यांसमोर कोसळत होतं. ती जागाही गेली, हे मला कळत होतं. तिचा हेवा वाटत होता, अगदी कडकडून.

आजोबा तक्त्यासमोरून उठून काउंटरपाशी आले. "पोरी, माझा चष्मा..."

"थांबा आजोबा," मी म्हणाले. "तिला बोलू द्या."