पावाचं टोक

"हात मागे घे," प्रोखोर म्हणाला, आणि जनित्र सांभाळणाऱ्या मितकानं मुकाट्यानं हात मागे घेतला.

राय धान्याच्या काळ्या पावाचं खरपूस टोक एका रिकाम्या ताटलीत ठेवलेलं होतं. ताटली इग्नातची. अंटार्क्टिकावरच्या या तळावर माणसं अकरा, आणि पावाचं टोक इग्नातचं, हे मार्चपासून ठरलेलं. कोणी ठरवलं, ते कोणालाच आठवत नव्हतं. हिवाळ्यात माणसं इथे अशाच गोष्टींना धरून राहतात. याची खुर्ची, त्याचा पेला, शनिवारी वाफेच्या न्हाणीत ज्याचा त्याचा कोपरा. त्यात ढवळाढवळ केली तर हातघाईवर यायला वेळ लागत नाही.

पण हवामान बघणारा इग्नात नऊ दिवस टेबलावर आला नव्हता. काम चोख करी, जेवणं उरकत आली की चहा घ्यायला येई, आणि चकार शब्द बोलत नसे. डॉक्टरच्या गोळ्यांना त्यानं हात लावला नाही. सूर्य मावळून तीन महिने झाले होते आणि जहाज यायला अजून चार होते. अशा थंडीत विमानही उतरत नाही.

"मागे एका तळावर असाच एक गप्प झाला होता," तळप्रमुख वालेरियान पेत्रोविच हलक्या आवाजात म्हणाले. "एक दिवस टोपीही न घालता बाहेर चालायला लागला."



स्वयंपाकी म्हणून प्रोखोर लुकिचचा हा पाचवा हिवाळा. खरं सांगायचं तर तो इथे सुखात होता. एक भट्टी, अकरा तोंडं, आणि केलेलं सगळं संपतं, याहून त्याला काही नको होतं. पण त्या ताटलीतलं टोक रोज तसंच उरे.

दहाव्या दिवशी त्यानं जेवणं झाल्यावर कोणाला उठू दिलं नाही. इग्नात पेला घेऊन दारात आला. त्याच्या देखत प्रोखोरनं ते टोक उचललं, त्यावर लसूण घासला, मीठ भुरभुरलं आणि मोठा घास घेतला.

"ते माझं आहे." इतक्या दिवसांनी निघालेला आवाज घोगरा होता.

"होतं. जो येईल तो खाईल."

"लाज नाही वाटत, लुकिच? मार्चपासून माझं आहे ते!" मग इग्नातचा बांध फुटला. "आणि मितका, तू सूप पितोस की पंप लावतोस? डॉक्टर, तुमचं ते एकच गाणं! एकच! पेत्रोविच, दार हळू लावता येत नाही? माझी भिंत हादरते हो!"

मितका खाली मान घालून हसत होता. चढा आवाज खपवून न घेणारे पेत्रोविच मन लावून ऐकत होते.

"अजून?" त्यांनी विचारलं.

"अजून? सूपमध्ये मीठ नसतं!"

"हे साफ खोटं!" प्रोखोर खरंच भडकला.

इग्नात धापा टाकत खुर्चीवर बसला. स्वतःच्या. प्रोखोरनं त्याच्यापुढे सूप आदळलं आणि एप्रनच्या खिशातून पावाचं दुसरं टोक काढून ताटलीत ठेवलं.

"पावाला दोन टोकं असतात, गाढवा."

इग्नात जेवला. मध्येच त्यानं बाहीनं डोळे पुसले. तेव्हा प्रत्येकाला आपापल्या पेल्यात काहीतरी बघायचं होतं.

जहाज वेळेवर आलं. पुढच्या वसंतात प्रोखोर अर्खांगेल्स्कला आपल्या स्वयंपाकघरात बसला होता. त्याच्या बायकोनं, ग्लाफिरानं, पाव कापला आणि टोक त्याच्यापुढे केलं.

"घे. लग्नापासून तुझंच आहे. तिकडे तरी देत होते का कोणी?"

"तिथे पाव मीच कापायचो," तो हसून म्हणाला. बोलता बोलता त्याच्या हातांनी एक रिकामी ताटली ओढली आणि टोक तिच्यात ठेवून दिलं.

"कोण येणार आहे?" ग्लाफिरानं विचारलं.

"कोणी नाही गं."

त्यानं मधला मऊ तुकडा घेतला आणि जेवायला सुरुवात केली. ग्लाफिरानं ती ताटली उचलली नाही.