सतरा नंबर

"सही करा आणि निघा," चेक पुढे सरकवत मालक म्हणाले. "आज मुदत संपतेय, पावती कोर्टात गेली पाहिजे. उगाच डोक्याला ताप नको."

सतराबाईंनी चेककडे पाहिलंही नाही. प्रेशर कुकरच्या झडपा तपासायच्या आणि पास झालेल्या प्रत्येक झडपेवर आपल्या नंबरचा ठसा ठोकायचा, हे काम त्यांनी बावीस वर्षं केलं. त्यांचा नंबर सतरा. खरं नाव फक्त पगाराच्या दिवशी निघायचं. नवऱ्याच्या ऑपरेशनसाठी त्या तीन दिवस रजेवर गेल्या, तेवढ्यात सुपरवायझरनं त्यांच्या खणातला ठसा काढून न तपासलेला माल पास करून टाकला. कुठल्याशा घरात कुकर फुटला, बाई भाजली, आणि झडपेवर सतरा. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला मालकांना अर्धा तास पुरला. बडतर्फी बेकायदा होती, भरपाई द्या, एवढं म्हणायला कोर्टाला पाच वर्षं लागली.

"कर ना सही, ताई," धाकटा भाऊ पुटपुटला. नवरा गेल्यापासून त्या त्याच्याच घरी होत्या, आणि भावजय रोज भांडी आपटून ते जाणवून देई. या पैशांत स्वतःची एक खोली झाली असती.

टेबलावर त्याच सुपरवायझरनं नुकताच आणून ठेवलेला ताज्या मालाचा ट्रे होता. सतराबाईंनी एक झडप उचलली. तिच्यावर सतरा. त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"हा आजचा माल?"

"नंबर कंपनीचा आहे, बाई. माहेरून नव्हता आणलात," सुपरवायझर म्हणाला.

त्यांनी ट्रे ओढला. अंगठ्यानं एकेक स्प्रिंग दाबत तीन झडपा बाजूला काढल्या.

"या बाद. अडकतायत."

"तुम्ही आता इथं नोकरीला नाही," मालक म्हणाले.

"माझा नंबर आहे ना अजून."

भावानं पेन हातात कोंबलं. त्यांनी ते कागदावर टेकवलं. तेवढ्यात सुपरवायझरनं त्या तिन्ही झडपा तळव्यानं लोटून परत ट्रेमध्ये टाकल्या.

सतराबाईंनी पेनला टोपण लावलं.

"आधी तो ठसा माझ्यासमोर मोडा. मग सही."

"पाच वर्षं बसलात, बसा आणखी," मालक म्हणाले.

"ताई, अगं हातचं जाईल सगळं."

"जाऊ दे."

मालकांनी घड्याळाकडे पाहिलं. कोर्ट बंद व्हायला दोन तास होते. सतराबाईंनी खुर्ची पुढे घेतली, ट्रेमधल्या त्या तीन झडपा शोधून पुन्हा बाहेर काढल्या आणि पुढची तपासायला घेतली.