तात्यांची खिडकीपर्यंतची फेरी

प्रयोग साधला तर तिला पदवी मिळायची होती, सरांना नवं दालन आणि तात्यांना काहीच नाही. यंत्राचं बटण दाबणाऱ्याच्या वाट्याला असतं काय? नोकरी होती, ती राहिली तरी पुष्कळ.

बऱ्याच वर्षांनी, स्वतःच्या निवृत्तीला आठवडा उरला असताना, त्याच प्रयोगशाळेच्या खिडकीशी उभं राहून तिला हे सगळं आठवत होतं.

काम दिसायला साधं. पेशींना विजेचे आठ बारीक झटके द्यायचे. त्यांच्या आवरणाला क्षणभर भोकं पडतात आणि बाहेरचा लाल रंग आत शिरतो. जितक्या पेशी लाल, तितका प्रबंध पक्का. तात्यांच्या हातून दहांतल्या आठ लाल व्हायच्या. मग सरांनी स्वयंचलित यंत्र आणलं. झटके तेवढेच, जोर तेवढाच. लाल जेमतेम तीन. प्रबंध द्यायला उरले पंधरा दिवस.

"तात्या, तुम्ही करता तरी काय?"

"वहीत आहे की. आठ झटके, सलग."

"वही मला पाठ झालीय. खरं सांगा."

तात्या चष्मा पुसू लागले. हा माणूस चष्मा पुसायला लागला की काहीतरी दडवतोय, हे चार वर्षांत तिला कळलं होतं.

"सरांना नाही ना सांगणार?"

"सांगावं लागेल."

"मग ऐक, पोरी. डावा गुडघा. चार झटके झाले की आखडतो. उठून खिडकीपर्यंत जातो, समोरच्या गच्चीवरची कबुतरं मोजतो, येऊन उरलेले चार देतो. सलग लिहिलं, कारण गुडघ्याला वहीत रकाना नाही."

तिनं घड्याळ लावलं. फेरीला दोन मिनिटं. यंत्रालाही मध्ये तेवढंच थांबवलं आणि पेशी लालेलाल झाल्या. पहिल्या चार झटक्यांनी हळवं झालेलं आवरण त्या विश्रांतीत आणखी हळवं होत होतं.

यंत्र थांबायला शिकलं, तशी थांबणाऱ्या माणसाची गरज संपली. शेवटच्या दिवशी डबा पिशवीत घालत तात्या म्हणाले, "गुडघा पीएचडी झाला. मी मात्र नापास."

"असं होणार, हे माहीत होतं तुम्हाला?"

"चष्मा काय उगाच पुसत होतो?"

समोरची गच्ची अजून तशीच आहे. तिनं कबुतरं मोजली. सात. पाठीमागे यंत्र चार झटके देऊन गप्प झालं होतं. पदवी तिची, दालन सरांचं, दोन मिनिटं प्रबंधाची. किंमत तेवढी तात्यांनी मोजली.