दहा लाख तीन

प्राचीने दोन महिने एकाच संख्येचा पिच्छा पुरवला होता. दहा लाख तीन. दहा लाखांच्या पुढची ही पहिलीच मूळ संख्या, असं तिने ग्रंथालयातल्या एका इंग्रजी पुस्तकात वाचलं. पण छापलं आहे म्हणून मान डोलावणारी ती नव्हे. हजाराच्या आतल्या एकशे अडुसष्ट मूळ संख्या तिने शोधून काढल्या आणि एकेकीने भाग देऊन पाहिला. एकीनेही गेला नाही. हजारापर्यंत कुणी भेटलं नाही, तर पुढे शोधायची गरजच नाही, हे तिने बाबांना तीनदा समजावलं. चौथ्यांदा ईश्वररावांना ते समजलं.

ईश्वरराव मूळचे नागपूरचे, आता उत्तरेत, हज़रतगंजच्या एका सरकारी कचेरीत आकडेवारीचे बाबू. अक्षर देखणं, आणि त्याचा तोरा त्याहून देखणा. तेव्हा प्राचीने ही संख्या प्रदर्शनात मांडायचं ठरवल्यावर तक्ता त्यांनीच लिहायचा, हे ओघानेच आलं. प्राचीच्या वहीतून आकडा उतरवून त्यांनी तो लाल रंगात काढला आणि खाली लिहिलं, 'हिला कोणीही भागू शकत नाही.'

चौऱ्याण्णवच्या डिसेंबरातलं ते शाळांचं प्रदर्शन. परीक्षक बाई आल्या, तक्त्यावरचा आकडा पाहून कागदावर काहीतरी मांडू लागल्या.

"बेटा, ये तो तेरह से कट रही है," त्या म्हणाल्या.

प्राचीने त्यांचा तेराचा भागाकार वरून खाली पाहिला. बाकी शून्य. तिचा चेहरा पांढराफटक पडला. "मैंने तेरह से किया था," एवढंच ती पुटपुटली.

ईश्वररावांना तिचे दोन महिने आठवले. पोरीने खेळणं सोडलं होतं, सिनेमा सोडला होता. त्यांनी घाईघाईने तिची वही उघडली. तेराने भागल्यावर बाकी चार. मग बाईंना शून्य कशी आली? त्यांनी वहीवर बोट ठेवून शून्यं मोजली. पाच. तक्त्यावरची मोजली. सहा.

वहीत पुस्तकातल्यासारखा तीन-तीन आकड्यांवर स्वल्पविराम होता: 1,000,003. कचेरीच्या सवयीने त्यांनी लाख-कोटींचे स्वल्पविराम घातले, एकापुढचा पहिला मात्र तसाच ठेवला, आणि पुढची घरं भरताना एक शून्य जास्त पडलं: 1,00,00,003. लेकीच्या दहा लाखांचे बापाने एक कोटी केले होते.

कचेरीत स्वतःची चूक कबूल करायची वेळ आली, की ईश्वररावांना खोकला येई. आज आला नाही.

"मॅडम, गलती मेरी है. बच्ची की नहीं. चार्ट मैंने लिखा है."

त्यांनी सगळ्यांदेखत एका शून्यावर काट मारली. बाईंनी पुन्हा भागाकार मांडला. "शेष चार," त्या म्हणाल्या, आणि प्राचीची वही घेऊन खुर्चीवर बसल्या. पानामागून पान उलटू लागल्या.

प्राचीने इतका वेळ कोंडलेला श्वास सोडला. "बाबा, मुझे लगा दो महीने गए."

"मलाही तसंच वाटलं गं," ईश्वरराव म्हणाले, आणि त्यांना एकदम हसू आलं. बावीस वर्षांच्या नोकरीत स्वतःची चूक सापडल्याचा इतका आनंद त्यांना कधीच झाला नव्हता.