तांब्याला तांबं

देवपूरच्या दुकानात कामिनीने कॉम्प्युटर पाण्याने थंड ठेवणारा रेडिएटर हातात घेतला, नखाने खरवडला आणि काउंटरवर परत ठेवला.

"हा ॲल्युमिनियमचा आहे. मला तांब्याचा हवाय."

दुकानदार हितेंद्र हसला. "ताई, पाणीच फिरवायचंय ना? तांब्याच्या हंड्यात काय न् ॲल्युमिनियमच्या पातेल्यात काय!"

"प्रोसेसरवर बसणारा ब्लॉक तांब्याचा आहे. त्याच पाण्यात ॲल्युमिनियम आलं की ते सडतं. नळ्यांत गाळ होतो."

"गेम खेळायचाय का भांड्यांचं दुकान टाकायचंय?" हितेंद्रने तिच्या वडिलांकडे मान वळवली. "आबा, लेक लई शिकवली तुम्ही."

लोटनआबा ओशाळून हसले. कामिनी हसली नाही. पिशवीतून तिने पुठ्ठ्याचा तुकडा काढला. रेडिएटर आणि त्याला लागलेले पंखे, दोन्हींच्या मापाचा तो तिने घरी कापला होता. दुकानातल्या एकेका कॅबिनेटमध्ये वरच्या बाजूला घालून पाहिला. दोन कॅबिनेटांत तो रॅमवर आदळला, तिसऱ्यात नीट बसला. तेच कॅबिनेट घेतलं. ब्लॉकची पट्टी आपल्या मदरबोर्डला बसते का, नळीची जाडी आणि जोडणीचं तोंड जुळतं का, सगळं स्वतः तपासलं. तांब्याचा रेडिएटर गोदामातून निघेपर्यंत ती स्टुलावरून हलली नाही.

हा हौसेचा खेळ नव्हता. पुण्याच्या एका गेमिंग टीमने मुलींची निवड काढली होती. राहायची जागा, पगार, सगळं. मागच्या निवडीत कामिनी सगळ्यांच्या पुढे होती, आणि ऐन शेवटाला एरंडोलजवळच्या त्या पत्र्याच्या खोलीत कॉम्प्युटर तापून बंद पडला. एप्रिलमध्ये तिथे माणूस शिजतो, यंत्राचं काय! टीमच्या मेघाने तिला आणखी एक संधी मिळवून दिली होती. एकच.

आबांनी तेव्हाच सुनावलं होतं, "निवड व्हयनी ते पुन्याले जाय. नही व्हयनी ते मी सांगसू तठे लगीन." चार माणसांत हो म्हणवून घेतलं होतं तिच्याकडून. पोरीला लग्नासाठी पैजेत अडकवायचं, वर स्वतःला मोठ्या मनाचा बाप म्हणवून घ्यायचं. असे बाप गावोगाव आहेत आणि पारावर त्यांचं कौतुक होतं.

कामिनीने यंत्र जोडलं. डिस्टिल्ड पाणी भरलं, खाली टिश्यू पेपर अंथरले आणि नुसता पंप फिरवत ठेवला. पेपर कोरडे राहिले. नळ्या मात्र आतून थोड्या दुधाळ झाल्या. नव्या नळीचं असं होतं, त्याने काही बिघडत नाही, हे तिने वाचलं होतं.

आबा पाठीमागे हात बांधून वाकले. "हाई पांढरं काय शे?"

"काही नाही, आबा."

"क्षार शे. मी बठ्ठा गावना ठिबक धोयेल शे."

"आबा, तुम्हाला नाही कळणार यातलं," ती स्क्रू आवळत म्हणाली. मान वर करून पाहिलं असतं तर त्यांचा चेहरा दिसला असता.

निवडीच्या आदल्या दिवशी पुष्पाबाईंनी लेकीला पद्मालयाला नेलं. गणपतीपुढे नारळ फोडला, पुण्याचं साकडं घातलं. आबा घरीच थांबले.

दुसऱ्या दिवशी खेळ सुरू झाला तेव्हा यंत्र मांजरासारखं शांत होतं. तापमान चढलं आणि एका जागी थांबलं. कामिनीची बोटं सैल झाली. पहिला डाव तिने जिंकला, दुसऱ्यातही पुढे होती. हेडफोनमधून मेघाचा आवाज आला, "छान चाललंय. असंच ठेव."

कामिनीची नजर सहज कॅबिनेटच्या काचेकडे गेली. नळीतलं पाणी हिरवट होतं. तिने रंग घातलाच नव्हता.

रेडिएटरच्या सांध्यावर एक थेंब धरला, फुगला आणि खालच्या ग्राफिक्स कार्डावर पडला. मग दुसरा. पडदा जांभळा झाला, मग काळा. खोलीत एक आंबट, झोंबणारा वास सुटला. तो वास तिच्या ओळखीचा होता. केळीच्या शेतात ठिबकच्या नळ्या धुतात तेव्हा येतो तो.

ती ओरडली, "आबा! काय टाकलं यात?"

आबा दारात आले. "आसिड सोडं मी काल. थोडंच. नयी कशी चकाचक व्हयनी, देखं ना तू?"

कामिनी खुर्चीवरून उतरून जमिनीवर बसली. रेडिएटरच्या तांब्यापासून जोडणीच्या तोंडापर्यंत तिने सगळं जुळवलं होतं, आणि घरातलाच माणूस कॅन घेऊन आत शिरला होता. त्याने विचारलं नाही. त्याला कुणाला विचारायची सवयच नव्हती.

मोबाइलवरून तिने मेघाला गाठलं. मेघाने ऐकून घेतलं, मध्ये एकदाही तोडलं नाही. मग म्हणाली, "कामिनी, दुसऱ्यांदा झालं गं हे. मी आता कुठल्या तोंडाने सांगू वर?"

पुष्पाबाई पदराचा बोळा तोंडात धरून उभ्या होत्या. आबांचे डोळे भरले. ते खरंच रडले, हे लिहिलं पाहिजे, कारण पुढचंही तितकंच खरं आहे. डोळे पुसून त्यांनी मोबाइल काढला आणि तिच्यासमोरच, लग्नासाठी पाहून ठेवलेल्या मुलाच्या बापाला फोन लावला.

"हां, नाना. या तुम्ही. आंडेर तयार शे लगीनले."

"आबा, तुम्ही बिघडवलंय हे. मी हरले नाही."

"शबद तो शबद, बेटा. चार मानसंसमोर व्हयेल शे." आबा तिच्याजवळ उकिडवे बसले. आवाज मऊ केला. "त्या पोऱ्याकडे बी कॉम्प्युटर शे म्हने. फावला येळले खेळत जाय."

ते चेष्टा करत नव्हते. समजूत काढत होते.

"फोन द्या इकडे," कामिनी म्हणाली. "मी सांगते त्यांना येऊ नका म्हणून."

आबांनी मोबाइल खिशात टाकला आणि खिशावर हात दाबून धरला.