कुणाची डावी?

गेले चार रविवार घरासमोर गाडी जॅकवर चढलेली होती आणि नवरा तिच्या पोटाखाली आडवा झालेला होता. शिवणयंत्राशेजारच्या खिडकीतून बायकोला त्याचे फक्त पाय दिसायचे. संसारात तेवढंच दर्शन उरलं होतं.

कारण म्हणावं तर चांगलं होतं. सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा डॉक्टरांनी बजावलं होतं, बुटक्या सीटवर बसायचं नाही, गुडघा जास्त दुमडता कामा नये. गाडीची सीट बुटकी. म्हणून ह्याने गाडीच उंच करायला घेतली. आईला तपासणीला मीच नेणार, माझ्याच गाडीतून, हा हट्ट. पहिल्याच दिवशी बायकोने काही सुचवायला तोंड उघडलं, तर "तुला गाडीतलं काय कळतं" म्हणून ते बंद करण्यात आलं.

उंच स्प्रिंगा आल्या. धाकटा दीर बँकेत कामाला, पण व्हिडिओ बघून मेकॅनिक झालेला. त्याने वर रबरी ठोकळे बसवले. मग चाकं बारकी दिसतात म्हणून मोठे टायर. मग वळताना पुढून टकटक वाजायला लागलं, कारण इंजिनाची ताकद चाकापर्यंत नेणारा एक्सल नव्या उंचीला तिरका झाला होता. तोही बदलला. बायकोने केव्हाच हात टेकले होते.

आज चार वाजता तपासणी. दोन वाजता गाडी जॅकवरून उतरली आणि एका अंगाला कलली.

"डावी स्प्रिंग डावीकडेच लावलीस ना, दादा?"

"डावीकडेच. तूच समोर उभा राहून हात दाखवलास."

"मग दुकानदाराने स्प्रिंगांवर डाव्या-उजव्याच्या खडूच्या खुणाच चुकीच्या केल्या."

पंधरा मिनिटं दोघं त्या दुकानदाराचा उद्धार करत होते. शेवटी बायको गळ्यातल्या टेपसकट बाहेर आली. तिचं डोकं फिरलं होतं.

"भाऊजी, कुणाची डावी?"

"म्हणजे?"

"तुम्ही गाडीकडे तोंड करून उभे होतात. तुमची डावी ती गाडीची उजवी. डावी बाही म्हणजे घालणाऱ्याची डावी, शिवणाऱ्याची नाही. हे मी शिवणाच्या पहिल्या आठवड्यात शिकले."

दोघांनी पुन्हा जॅक लावला आणि पाने-पक्कड उचलली.

साडेतीनला गाडी सरळ झाली. नवरा हात धुऊन, इस्त्रीचा शर्ट घालून दार उघडून उभा राहिला. सासूबाई काठी टेकत आल्या, पाठ करून बसायला गेल्या, तर सीट पार वर, मांडीशी. त्यांनी टाचा उचलल्या. ऑपरेशनच्या पायावर भार आला आणि त्या कळवळल्या.

"स्टूल आणू? की उचलून बसवू?" नवरा घाबरला होता.

बायकोने टेप लावली. "तेवीस इंच. आई घरात ज्या खुर्चीवर बसतात ती एकोणीस. गाडी आधी सतरा होती. दोन इंच कमी पडत होते, अहो. दोन."

तिने टॅक्सी बोलावली. आली ती त्यांची गाडी आधी होती तेवढीच बुटकी. शिवणाच्या खुर्चीवरची जाड उशी आणून तिने मागच्या सीटवर ठेवली. सासूबाई बसल्या, पाय आत घेतले. कपाळावर आठीसुद्धा पडली नाही.

नवरा उशीकडे बघत राहिला. हेच ती पहिल्या दिवशी सांगणार होती, हे त्याला आत्ता कळलं. तिला वाटलं होतं, या क्षणी आपल्याला फार बरं वाटेल. तसं काही वाटलं नाही.

सासूबाईंनी काच खाली केली. "चार रविवार मी आत एकटी बसून होते," त्या म्हणाल्या. "एकदा हाक मारून बसवून बघायचं होतंस."

नवऱ्याने हातातली गाडीची किल्ली खिशात टाकली.

"आता बस शेजारी. तूच नेणार होतास ना?"

तो बसला. त्याच्या उंच गाडीचं दार तसंच उघडं राहिलं होतं. टॅक्सी वळल्यावर बायकोने चवड्यांवर उभं राहून ते लावलं.