पाठीची ओळख

गोजरबाईनं बैलचोर ओळखला. सात जणांतून, पहिल्या फटक्यात. खरं तर ओळखण्यासारखं काही नव्हतंच, कारण तिनं चोराची फक्त पाठ पाहिली होती.

झुंजुमुंजू झालेलं, चोराच्या तोंडाला उपरणं, आणि तो तिच्या जोडीतला एक बैल घेऊन पाथर्डीच्या दिशेनं चाललेला. पंधरा दिवसांत ऊसतोडीची टोळी निघणार होती, आणि एका बैलावर गाडी कुठं जात नाही.

हवालदार सहादेव मोबाईल घेऊन आला. पाठ ओळखायला त्यानं समोरून काढलेला फोटो दाखवला. शेजारच्या वस्तीवरचा बन्सी.

"मावशी, ह्योच असंल का? आमी काय सांगत न्हाई हां."

"पाठच दिसली, सायेब."

"मंग बघा. बैल पायजे ना?"

सोमवारी तिला भुवईवरचा व्रण ओळखीचा वाटला. बुधवारी नाक. शुक्रवारपर्यंत तिच्या आठवणीतला चोर वळून उभा राहिला, उपरणं सोडलं आणि पाहुण्यासारखी मान हलवून गेला.

ओळख परेडला सहा जण इस्त्रीच्या शर्टातले कचेरीतले शिपाई, सातवा फाटक्या बनियनमधला बन्सी. पंचांच्या मते ही माणसं एकमेकांसारखी दिसत होती. गोजरबाईनं बोट दाखवलं.

बन्सी शांतपणे म्हणाला, "मामी, तोंड वळखीचं वाटनारच. आमच्या ज्ञानेश्वरीच्या लग्नात तुमाला बुंदी मीच वाढली."

बुंदीची नोंद पंचनाम्यात झाली नाही.

परेडनंतर चौथ्या दिवशी श्रीगोंद्याला भलताच माणूस बैलासकट सापडला आणि कबूलही झाला. बैलानं गोजरबाईला लांबूनच ओळखलं, कुणी फोटो न दाखवता. दावणीला बैलजोडी उभी राहिली, टोळीची तयारी झाली. फक्त यंदा त्याच टोळीत नाव लावलेला बन्सी आत राहिला. गोजरबाई ठाण्यात गेली. सहादेवचं म्हणणं, चोर सापडला ते चांगलंच झालं, पण ओळख पटलीय, ती कागदावर आहे, आणि कागद काय माघारी फिरत नसतो.

"माजीच चूक झाली म्हनते ना मी."

"चुकलात असं तुमाला वाटतंय, मावशी. परेडला तर लई ठाम हुता."

सगळ्यात वाईट म्हणजे डोळे मिटले की बैल नेताना तिला अजून बन्सीच दिसत होता. शेवटी तिनं लेकीकडून अर्ज लिहून घेतला, अंगठा उठवला आणि ठाण्यात नेऊन दिला:

"...तरी बन्सीस टोळी निघण्यापूर्वी सोडण्यात यावे. तसेच आपल्या ठाण्याने माझ्या डोळ्यांपुढे बसवलेला त्याचा चेहरा जमा करून घेऊन, मी प्रत्यक्ष पाहिलेली चोराची पाठ मला पोचपावतीसह परत मिळावी, ही नम्र विनंती."